एका टोपलीत दोन हात

आमच्या अकोल्याच्या घरात कूलर एकच, आणि तो फुलांचा होता. माणसांनी घाम पुसत बसावं. मोगऱ्याच्या टोपल्या मात्र ओल्या फडक्याखाली गारव्यात झोपलेल्या. त्याच वाऱ्याच्या कडेला माय आणि काकू गजरे ओवायच्या. कापूस वर्षामागून वर्ष बुडत होता, खेड्यांतली लग्नं पुढं ढकलली जात होती, आणि न विकलेला मोगरा घरभर असा दरवळायचा, की भर दुपारी मला स्वप्नात असल्यासारखं वाटायचं.

त्या वासात बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहायची. त्यातला एक कंपनीच्या अमरावतीच्या कार्यालयात मधेच गोठायचा. तिथल्या संगणकात दोन प्रोसेसर होते. माझ्या एका प्रोसेसरच्या संगणकावर तोच गुणी लेकरासारखा चालायचा. जो दोष दिसतच नाही, तो काढायचा कसा, कपाळ! कंपनीनं सांगून टाकलं, घरून जमत नसेल तर पुण्याला येऊन राहा. मला घर सोडायचं नव्हतं. नुसत्या विचारानंच रडू यायचं.

एका दुपारी डोळे जड झालेले असताना, मायचा आणि काकूचा हात एकाच टोपलीत एकाच कळीवर गेला.

"घे वं तू."

"नाई, तुमी घ्या."

दोघी थांबल्या. दोन्ही हात तसेच, गजरे अर्धे. एकटी माय असती तर हे घडलंच नसतं. माझ्या प्रोग्रामचंही असंच होत असणार, आणि ते पाहायला मला घरातही दुसरा हात, म्हणजे दुसरा प्रोसेसर हवा होता.

अमरावतीच्या जुन्या संगणकांच्या दुकानातले चाचा समजावून थकले. "बेटा, इतक्याच पैशात नवा एक घे ना, सुसाट पळते! हे जुने दोन कायले नेतं?" खरंच होतं ते. पण मला पळायचं होतं कुठं? एकाच जातीचे, एकाच वेगाचे दोन प्रोसेसर निवडले, दोघांना सामावणारा जुना मदरबोर्ड घेतला, आणि सगळं फुलांच्या करंडीत घालून एसटीत मांडीवर घेऊन बसले. करंडीला मोगऱ्याचा वास होता. मी पेंगत घरी आले.

"नवं सोडून जुनं काहून आणलं वं?" माय फुगली ती फुगलीच.

आणि वर जोडलेल्या दोन प्रोसेसरांवरही प्रोग्राम बिनबोभाट चालू! कित्येक दिवस. दोष दिसलाच नाही तर पुणं काही चुकत नव्हतं.

मग एका दुपारी संगणकाचा पडदा थिजला. अमरावतीला थिजायचा, नेमका त्याच जागी. मी हसत सुटले, डोळ्यांतून पाणी.

माय गजरा टाकून धावली. "बिघडलं अन् तू हासून राहिली?"

"आपल्या घरात बिघडलं, माय! सापडलं मले. आता पुण्याले जा लागत नाई."

मायनं मोगऱ्यापुढचा कूलर ओढला आणि माझ्या टेबलाकडे वळवला.