बाबांनी स्वतःची म्हणून सांगितलेली पुस्तकं

विमानतळाकडे नेणारी टॅक्सी कर्वेनगरच्या आमच्या फाटकाशी उभी होती आणि आई माझ्या बॅगेतून पुस्तकं बाहेर काढत होती. वजन जास्त भरलं होतं. "स्वेटर भर बाई. ही भुताखेतांची पुस्तकं तिकडे कशाला?" बाबांनी पुस्तकं शांतपणे परत आत ठेवली आणि लोणच्याची बरणी बाहेर काढली. "भुतं जाऊ देत. इथे राहिली तर मला त्रास देतील." आई त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती, हे मला रॉटरडॅमला फोनवर कळलं.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. नवस, पत्रिका, अंगारे, काही चालत नसे त्यांना. कॉलेजात असताना मी डेक्कनच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं आणायचे. कोरेगाव पार्कातल्या आश्रमात राहिलेले परदेशी लोक जाताना ती टाकून जात. गिटारवाल्यांची चरित्रं, डोंगरात वस्ती करून राहिलेल्या लांब केसांच्या तरुणांच्या हकिगती, आत्म्यांना बोलावण्याच्या पद्धती. खरं सांगायचं तर निम्मी पुस्तकं भिकार होती. सुरुवात झकास व्हायची, मग लेखकाला वाळवंटात कुठेतरी प्रकाश दिसायचा आणि पुढे वाक्यांना शेंडाबुडखा राहायचा नाही. गाण्याबजावण्याची त्यातल्या त्यात प्रामाणिक. कोणी बेसूर वाजवलं तर निदान तसं लिहिलेलं असे. तरी मी सगळी वाचायचे. घर सोडून निघालेली माणसं त्या सगळ्यांत होती.

मग मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आत्यांनी शेल्फवरून सहज एक पुस्तक उचललं. वर बोकडाचं डोकं आणि चांदणी. "हे कोण वाचतं?"

आईच्या हातातला ट्रे थांबला. मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "मी. रिटायर व्हायला आलोय. पुढच्या ओळखी आत्तापासून करून घेतलेल्या बऱ्या."

पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही. आई रडली. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्याकडे ते पुस्तक मागितलं. "माझं आहे म्हणालोय. वाचायला नको?"

आणि त्यांनी ते वाचलं. मग बाकीचीही. जेवताना शेरे सुरू झाले: "तुझ्या लेखकाचं सगळं तेरावर अडतं. चौदा शिकवलं नसावं." इतकी वर्षं अभ्यास आणि गुण सोडून आम्ही काही बोललोच नव्हतो. रॉटरडॅमहून नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा आई नको म्हणाली. बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला. इथेच बसायचं तर इतकं वाचलं कशाला?"

तिकडे गेल्यावर जिवाची घालमेल थांबेल असं वाटलं होतं. तुमच्यापैकी जे घर सोडून निघाले त्यांना माहीत आहे, ती थांबत नाही. मी अपार्टमेंटं बदलली, नोकऱ्या बदलल्या, एक लग्न करून मोडलं. पुस्तकांतले ते लांब केसांचे तरुण आता पेन्शनर झाले होते आणि माझ्या बिल्डिंगीत कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यावरून भांडत होते. आणि जे मागे राहिले, त्यांना वाटायचं मी सुटले.

आई गेल्यावर बाबा एकदाच माझ्याकडे आले. मी त्यांना एका छोट्या हॉलमध्ये घेऊन गेले, जिथे एक म्हातारा वादक यंत्रांवर एकच सूर कितीतरी वेळ धरून बसला होता. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "तंबोरा चांगला लागलाय. गाणं कधी सुरू करणार हे?" मला हसू आवरेना.

ट्रामने परतताना त्यांनी विचारलं, "तू परत नाही येणार ना?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी ट्रामचं तिकीट घडी करून खिशात ठेवलं. "मग मी विचारणं बंद करतो. उगीच उत्तर शोधत बसू नकोस."

त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. शेवटच्या आजारपणातही नाही. मी उशाशी बसले होते तेव्हा माझ्या परतीच्या विमानाची वेळ तेवढी विचारली. आता कर्वेनगरात आमच्या जागी सात मजली इमारत आहे आणि मी गेले तर मैत्रिणीकडे उतरते. तिथे गेल्यावर आठवड्यातच रॉटरडॅमची ओढ लागते, रॉटरडॅमला परतल्यावर कर्वेनगरची. घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला एवढंच सुचतं: ज्याने मला परत येणार का हे विचारायचं थांबवलं, तो माणूस.