पाण्यातून काढलेला देव

त्या श्रावणात कुंडलिकेचं पाणी रोह्यातल्या घरांत शिरलं, आणि माझी नात सायली बोट घेऊन त्याच पाण्यात होती. ती तिथल्या अग्निशमन दलात आहे. आईबाप गेल्यावर पेणला मी वाढवलेली ही एकुलती एक पोर. सकाळी फोनवर "बोटीवर हाय, मग करते" एवढंच म्हणाली, त्यानंतर फोन लागेना. शेजारच्या मूर्तींच्या कारखान्यात रेडिओ लावून गणपती रंगवणं चाललं होतं. हंगामाच्या दिवसांत म्हातारीशी बोलायला कुणाला सवड असते? मग मी बोलणार कुणाशी, तर देवाशी. आणि माझं देवाशी बोलणं म्हणजे सरळ दमदाटीच.

मनासारखं होईपर्यंत देव पाण्यात घालून ठेवायचा, ही रीत मी माहेराहून आणलेली. नवी सून असताना नवरा मूर्ती पोचवायला मुंबईला गेला आणि वेळेवर परतला नाही, तेव्हा मी कारखान्यातला शाडूचा छोटा गणपती उचलून बादलीत बसवला. माहेरचे देव पितळेचे, शाडू विरघळतो हे या अतिशहाणीच्या डोक्यात आलंच नाही. संध्याकाळी पाहते तर बादलीच्या तळाला चिखल! देव घर सोडून गेला म्हणून मी गळा काढला. सासूबाई बादलीत डोकावून म्हणाल्या, "आंघोळ घातलीस का विसर्जन केलंस गो?" तेवढ्यात नवरा दारात उभा. झालं, या बाईसाहेबांना वाटलं उपाय लागू पडला. तेव्हापासून घरातला पितळेचा गणपती माझ्या प्रत्येक हट्टापायी बुडत आला.

त्या दिवशीही मी त्याला स्टीलच्या डब्यात बसवला, गळ्यापर्यंत पाणी ओतलं आणि बजावलं, पोर सुखरूप दे, मी तिला ही नोकरी सोडायला लावते. ती शिडीवर चढायला आणि माणूस पाठीवर घेऊन उतरायला शिकली, तेव्हा याच तोंडानं मी गल्लीभर पेढे वाटले होते. पण घरात बसवेना. डबा पिशवीत घातला आणि रोह्याची गाडी धरली.

गाडी कासूला थांबली ती थांबलीच. पुढे रुळांवर पाणी होतं. बरीच माणसं उतरून हायवेकडे गेली. फलाटावर मी उरले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बुरखा घातलेली एक बाई. तिचा मुलगा कुवेतला, भाऊ रोह्यात रिक्षा चालवणारा. त्याच्याकडेच निघाली होती. माझ्या पिशवीतून पाणी ठिबकताना पाहून तिनं विचारलं, कालवण सांडलं का. मी म्हटलं, "कालवण नाय, देव हाय." मग सगळंच सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं.

ती हसली नाही. डब्याकडे बघत म्हणाली, "आजी, पोर पाण्यातनं माणसं बाहेर काढते, नि तुम्ही देवाला पाण्यात डांबून ठेवलाय. तो तिच्याकडे जाणार कसा?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी झाकण उघडलं, देवाला बाहेर काढला, पदरानं पुसून मांडीवर घेतला. डब्यातलं पाणी रुळांवर ओतलं. आता माझ्या हातात त्याला धाक घालायला काहीच नव्हतं. तेवढं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. आणि तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

ती बाई भावाला फोन लावत होती. बऱ्याच वेळानं लागला. बोट त्याच्याच मोहल्ल्यात आली होती. बहिणीनं नाव सांगताच त्यानं सायलीला हाक मारून फोन तिच्या हातात दिला. याला चमत्कार म्हणावं की नाही, ते मला ठाऊक नाही.

पोरीचा घसा बसला होता. म्हणाली, "आजी, तू कशाला निघालीस? मला परत जायचंय. दोघं म्हातारी पत्र्यावर अडकलीत."

'पुरे झालं, निघून ये' हे वाक्य घरापासून ओठांवर तयार होतं. मांडीवरच्या देवाकडे पाहिलं.

"जा गो," मी म्हटलं. "त्यांना आण आधी."

ती गेली. नंतर त्या दोघांना घेऊन परतलीही, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. गाडी मागे पेणला वळवली तेव्हा त्या बाईनं मला हाताला धरून गाडीत चढवलं आणि स्वतः रस्त्याकडे गेली. मी तिचं नावही विचारलं नाही. हात जोडताना आता तीही डोळ्यांपुढे येते.

सायली ड्युटीवर असते, घर मोठं वाटतं, सवयीनं हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. तो मी मागे घेते. दिवा लावते आणि देवाला सांगते, तू तिकडे जा, माझं इथं भागेल.