मेल्विनामावशीचा उलटा कोट

मेल्विना पडिस्टर एकाहत्तर वर्षांची. सव्वीस वर्षं तिने मासळीच्या कारखान्यात कॉड मासे कापले. गेली सतरा वर्षं ती न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची चोवीस किलोमीटरची पायवाट राखते. पडलेली झाडं तोडते, खुणेचे खांब उभे करते. आमच्याकडे वयस्कर बाईला सारं गाव मावशीच म्हणतं.

यंदा वाटेच्या मंडळाने नियम काढला: सत्तरी ओलांडलेल्या राखणदाराने आपली वाट दहा तासांत, कुठेही न हरवता चालून दाखवायची. नाहीतर वाट दुसऱ्याच्या हाती जाणार. मंडळाचा चिटणीस म्हणून मी साक्षीदार.

सकाळी सातला निघालो. पहिल्याच चढाला माझा श्वास फुलला.

"बाळा, दमलास तर सांग. पाठीवर घेते." मी त्रेसष्ट वर्षांचा आहे.

दोर धरून कडा उतरलो, गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडला, चालता चालताच काकवीचा पाव खाल्ला. खाली देवमाशाने फवारा उडवला आणि मी थकवा विसरलो. दुपारी आम्ही वीस मिनिटं पुढे होतो.

भूशिरावर धुकं आलं. खुणेचा खांब दिसेना. चालत राहिलो, आणि तेच मोडकं झाड दुसऱ्यांदा समोर आलं.

मावशीने कोट काढून उलटा, अस्तर बाहेर करून घातला. "चकवा लागलाय. कोट उलटा घातला की सुटतो. तूही घाल."

"मावशी, मी मंडळाचा साक्षीदार आहे."

"चकव्याला काय ठाऊक तुझं मंडळ? घाल, आणि गप्प उभा राहा."

घातला. उभा राहिलो. धुक्यात दूरवर लाट आपटली, लगेच पुन्हा आपटली.

"पाण्याखालचा खडक तो. एका लाटेला दोनदा वाजतो," मावशी कुजबुजली. "पण समुद्र आपल्या उजवीकडे हवा, हा डावीकडून वाजतोय. अरे, आपण परत घरी निघालोय."

ती गर्रकन वळली. मग जे चाललो, त्याला चालणं म्हणवत नाही. मुळं धरत, घसरत, कड्याच्या काठाने. तरी मला थांबायचं नव्हतं.

पाचला आठ मिनिटं कमी असताना वाटेच्या शेवटी, चर्चच्या फाटकाशी पोहोचलो. मंडळाचा अध्यक्ष सिरिल टोबिन उभाच होता. मी विजयाने घड्याळ दाखवलं. तो घड्याळाकडे नाही, आमच्या कोटांकडे बघत होता. उलट्या कोटाचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

"हरवला होतात तर," तो म्हणाला.

मी काही सारवासारव करणार, तोच मावशी म्हणाली, "पाऊण तास. भूशिरावरचा खांब सडून पडला असणार, कुठे दिसलाच नाही. जूनमध्येच बघायला हवा होता. चूक माझी."

सिरिलने हनुवटी खाजवली. "नियम नियम आहे, मावशी. दुसरा कुणी असता तर..."

"तर अजून तिथेच गोल गोल फिरत असता."

सिरिल हसू दाबत माझ्याकडे वळला. "काय लिहिणार?"

"खरं ते. हरवलो, तिने बाहेर काढलं, आठ मिनिटं उरली."

त्याने आमच्यासाठी फाटक उघडलं. मग म्हणाला, "नवा खांब कधी लावतेस?"

"उद्या. आणि या खेपेला वाळलेलं लाकूड दे, सिरिल. मागचं ओलं तूच दिलं होतंस."