चांदीचं पाणी

दसऱ्यानंतरचा तो आठवडा मी अजून विसरलेलो नाही. धारवाडला सप्तापूर भागातल्या एका प्रयोगशाळेतून आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार आली होती. उंदराच्या मेंदूच्या पेशी काचेच्या बशीत जिवंत ठेवून त्यांच्यावर चांदीचे नॅनोकण काय परिणाम करतात, हे तिथे तपासत. नॅनोकण म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक चुरा. सुट्टीनंतर सगळ्या पेशी मेलेल्या सापडल्या, ज्यांना कण दिलेच नव्हते त्यासुद्धा. कणांच्या द्रावणाची बाटलीही निम्मी रिकामी होती.

पेशी मारल्या तर कलम कोणतं लावायचं, यावर ठाण्यात बरीच थट्टा झाली. मी अर्ज डायरीला घेतला आणि चौकशीला निघालो. पहारेकऱ्याने खबर दिली, सुट्टीत संशोधकांपैकी एक मुलगी तेवढी आली होती. तिचं सहकाऱ्याशी भांडण होतं, म्हणजे माझ्या लेखी अर्धा तपास झाला होता. दोन तास मी तिला फैलावर घेतलं.

"सर, मी सगळ्यांच्या पेशींना अन्न घालायला आले होते. त्यात माझ्याही होत्या. तीन वर्षांचं काम गेलं, आता नावही जाणार," एवढंच ती म्हणत राहिली.

मग मी पेशींचं अन्न ठेवायच्या बाटल्या पाहायला गेलो. त्यांच्या रॅकवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. खंडेनवमीला आमच्या ठाण्यातही बंदुका पुसून त्यांना कुंकू लावतात. इथली पूजा कोणी केली, असं विचारताच बाटल्या धुणारे अप्पा पुढे आले. साठीला टेकलेले, बायको वारलेली.

"मीच केलो साहेब. पूजेला चांदी पाहिजे की. सगळ्या बाटल्या त्या चांदीच्या पाण्यानं विसळलो. चांदी शुद्ध असती."

त्याच बाटल्यांत भरलेलं अन्न त्या मुलीने सगळ्या पेशींना घातलं होतं.

"सुट्टीत कशाला आलात?" मी विचारलं.

"घरात कोण हाय? इथं हे जीव तरी होते." मग त्यांनी हळूच विचारलं, "त्यांना दुखलं असंल काय हो?"

माझ्यासोबत आलेली ती मुलगीच पुढे झाली. "नाही अप्पा. तुम्ही बसा," म्हणाली. मी तिची माफी मागितली नाही, याची आज लाज वाटते.

गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल देऊन मी अर्ज निकाली काढला. सुट्टीच्या दिवशी अप्पांना प्रयोगशाळा बंद झाली, आणि ते बरोबरच होतं. नोकरीभर मी माणसांमधलं वैर शोधत आलो. एकटं माणूस काय करून बसेल, हे शोधायला मला या प्रकरणाने शिकवलं, पण फार उशिरा.

अप्पांनी ती दिवाळी कशी काढली, हे मी कधी विचारलं नाही. आता मलाही रोजच सुट्टी असते. त्यांचं घर मला माहीत आहे, चालत गेलं तरी दहा मिनिटं. मी अजून गेलेलो नाही.