बिनझूमचा यशवंत

सव्वा महिना झाला. सकाळी दुकानाचं फडताळ उघडत होतो, तेवढ्यात धाराशिवहून यशवंत मास्तरच्या संघमित्राचा फोन आला. "बाबूकाका, बाबा गेले. झोपेतच." एवढंच बोलून पोरगी थांबली. अणदूरच्या आसपास मी बोटभर काकडीला हातभर बी लावून सांगणारा म्हणून बदनाम आहे. यशवंत मास्तर म्हणायचा, "बाबूच्या बोलण्याला सोळानं भागा, मग बाकी उरंल ती खरी." त्या दिवशी मात्र मला "बरं" याच्यापुढं शब्द सापडला नाही. आता लिहायला बसलोय, तर त्याचाच भागाकार मनात ठेवून लिहितो. पुढं जे सांगतोय त्याला सोळानं भागू नका... बाकी फार कमी उरेल.

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या गावाला विहिरीत बादली सोडली तर ती वर येऊन तक्रार करायची, इतका खडखडाट. सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. मी रेडिओ दुरुस्त करायचो, पण ऐकायला कोण मोकळं होतं? यशवंत झेडपीच्या शाळेवर मास्तर, बौद्धवाड्यातला पहिला. त्याची आई, आमची सोजरमावशी, रोज कामावर. तिथं पाण्याची दोन पिंपं होती. मुकादमाच्या पालाजवळचं झाकणाचं, पितळी पेला ठेवलेलं, टँकर आला की भरणारं. दुसरं लांब बाभळीखाली, बुडाला गळकं, बौद्धवाड्यासाठी. ते सकाळी एकदा भरायचं आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत कोरडं. एक बाई चक्कर येऊन खडीवर पडली, कपाळ फुटलं. यशवंतनं कामाच्या साहेबाकडं दोन अर्ज केले. दोन्हींना उत्तर आलं, असा काही प्रकार आढळून येत नाही. कसा आढळावा? साहेबाची जीप फुफाटा उडवत दिसली की मुकादम गळकं पिंप आडवं करून त्याच्यावर पोती टाकायचा.

"बाबू, ह्यांना दिसत न्हाय ना? मग दाखवू," यशवंत म्हणाला. मला वाटलं फोटो काढेल. म्हणाला, "फोटोत दोन पिंपं उभी दिसतील. कोन कुठं पितंय, कोन कुनाच्या ओंजळीत वरून वततंय, ते हालताना दिसाय पायजे. फिल्लम काढायची."

सोलापुरात एक म्हातारा फोटोवाला होता. त्याच्याकडं जुने आठ मिलिमीटरचे दोन कॅमेरे होते. एक सेलवर चालणारा, आवाज मांजराच्या पावलाएवढा, आणि त्याला झूम. दुसरा चावीचा, घड्याळासारखा पिळायचा, आणि चालू केला की पिठाची गिरणी परवडली. मी अर्थातच झूमवाल्याला चिकटलो. यशवंतनं विचारलं, "सेल कुठं मिळतील?" म्हातारा म्हणाला, "इथंच." "आन् आमच्याकडं संपले तर?" म्हाताऱ्यानं सेलवाला कॅमेरा बाजूला सारला. मग त्यानं चावीच्या कॅमेऱ्याचा दुसरा गुण सांगितला. त्याचं रीळ रुंद असतं. एकदा चालवलं की अर्ध्या रुंदीवर चित्रं उतरतात. मग रीळ काढून, पालथं घालून, पुन्हा चालवायचं, की उरलेल्या अर्ध्यावर. धुवून आलं की उभं चिरून जोडतात. एका रिळात दोन. यशवंतचे डोळे चमकले. मी म्हणालो, "अरे, पन झूम न्हाय. मुकादमाच्या तोंडाजवळ जाशील का?"

"झूम म्हंजे काय रं?"

"लांबचं जवळ दिसणं."

"मग आपनच जवळ जाऊ. पाय हायेत की."

फिल्म कापून जोडायचं यंत्रही म्हाताऱ्यानं दाखवलं, चकचकीत, हँडल-बिंडल. त्याला यशवंतनं हात लावून नमस्कार केला आणि तिथंच ठेवलं. गावातल्या सुतारानं बाभळीच्या ठोकळ्यावर दोन खिळे ठोकून दिले, त्यात दाढीचं पातं, आणि एक चिकटवायच्या औषधाची बाटली. झाला आमचा स्टुडिओ. रीळ मात्र एकच. दुसरं घ्यायची ऐपत नव्हती.

ठरलं असं. आधी बाभळीखालचं पिंप, अर्धं रीळ. मग पालाजवळचं, उरलेलं अर्धं. दोन्हीकडं पिंपापासून बरोबर वीस पावलं मोजून उभं राहायचं, पिंप मधोमध धरायचं, म्हणजे बघणाऱ्याला तुलना नीट करता येईल. मास्तरकीचा हिशोब! पहिलं अर्धं सुखरूप झालं. सोजरमावशी पुढं, मागं तीस-एक बाया, पिंपाच्या बुडाशी पेला खरवडल्याचा आवाज. पण त्या गिरणीचा घर्रघर्र ऐकून मुकादम पालातून बाहेर आलाच. "काय घरघरतंय त्ये? मास्तर, हिकडं या!"

आम्ही खडीच्या ढिगामागं होतो. यशवंतनं कॅमेरा माझ्या घोंगडीखाली सारला आणि कुजबुजला, "रीळ उलटं कर. उजेड लागू देऊ नको." आणि गेला.

घोंगडीत डोकं घालून, घामाच्या बोटांनी मी ते झाकण उघडलं. आता ऐका. मी स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर हात बसलेला माणूस. आमच्या धंद्यात रीळ उलटं करायचं म्हणजे उलटं गुंडाळायचं, गाणं परत पहिल्यापासून. मी अंधारात ती सगळी फिल्म चाचपत, बोटांनी, मूळच्या चकरीवर परत गुंडाळली. एक वेटोळं चुकू दिलं नाही. झाकण लावलं. मनात म्हणालो, वा बाबू, काय हात आहे!

तिकडं मुकादम यशवंतला खोदून विचारत होता. मी कॅमेरा घेऊन गेलो आणि तोंड उघडलं. "मुकादम, हे भुईतलं पानी हुडकायचं यंत्र हाय. सोलापूरहून आनलंय. पान्याजवळ नेलं की घरघरतं."

मुकादमानं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग यशवंतकडं. "मग मगाशी गळक्या पिंपापाशी कशापायी घरघरलं? तिथं तर थेंब न्हाय."

यशवंत शांतपणे म्हणाला, "म्हनूनच कमी घरघरलं. आता भरल्या पिंपापाशी बघा." आणि वीस पावलं मोजून उभा राहिला. मुकादम खूश होऊन स्वतः पिंपाशेजारी, पेला पुढं करून, बायांना पाणी देत राहिला. रीळ संपेपर्यंत.

मुंबईहून रीळ धुवून यायला तीन आठवडे गेले. तोवर यशवंतनं साहेबाला पत्र धाडून बोलावलं होतं. फिल्म आली ती साहेब यायच्या दिवशीच. म्हाताऱ्याचा प्रोजेक्टर आणला होता, बदल्यात माझा चालता रेडिओ ठेवून. सोसायटीचं गोदाम रिकामंच होतं, भर दुपारी दारं लावली की आत मिट्ट काळोख. साहेब खुर्चीवर, शेजारी मुकादम, मागं बाया. चुन्याच्या भिंतीवर चित्र पडलं.

एकच पिंप. पांढुरक्या, धुकट उजेडात एकाच पिंपाभोवती दोन्हीकडच्या बाया. एकमेकींतून आरपार जाणाऱ्या. मुकादमानं पेला पुढं केला, आणि नेमका तिथंच सोजरमावशीचा हात. तिनं जणू त्याच्याच हातून घेतला आणि प्याली. पुढचं सगळं काळंठिक्कर. मी रीळ पालथं न घालता परत गुंडाळल्यानं दोन्ही चित्रं पहिल्याच अर्ध्यावर, एकावर एक बसली होती... ती कापून वेगळी करणारं पातं कुठल्या सुताराकडं नसतं.

"अहो मास्तर, हे तर सगळे एकत्रच पितायत," साहेब म्हणाले.

मुकादम फार घाईनं बोलला. "तेच तर म्हनतो सायेब! एकच पिंप हाय आमचं. कोन बी या, कोन बी प्या!"

यशवंतनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझी चूक झाली," म्हणाला. त्याचा आवाज खडीसारखा कोरडा. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. बाहेर हवाच आली. आयुष्यभर नको तिथं बोललो, हवं तिथं गप्प राहिलो.

तेवढ्यात मागून सोजरमावशी उठली. "सायेब, मुकादम म्हनले त्ये वहीत लिवून घ्या. कोन बी या, कोन बी प्या." साहेबांनी काय समजून लिहिलं कोण जाणे, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी पालाजवळच्या पिंपाकडं निघाली. मागं तीस बाया. एकेक करून हातोडे थांबले. मुकादम पिंपापुढं आडवा उभा राहिला, हातात फावड्याचा दांडा. वीस पावलांवर यशवंत कॅमेरा डोळ्याला लावून उभा, चावी पिळून चालू केलेला, घर्रघर्र... आत रीळ नव्हतं. हे फक्त त्याला आणि मला ठाऊक.

"मुकादम, सायबाच्या वहीत तुमचा शब्द हाय," मावशी म्हणाली.

मुकादमानं कॅमेऱ्याकडं बघितलं. चावी उतरत चालली होती, आवाज मंद पडत होता. आवाज थांबला असता तर काय झालं असतं, मला आजही सांगता येत नाही. पेला साखळीवर हलत होता. तेवढ्यात रांगेतली वरच्या गल्लीची एक म्हातारी वैतागून म्हणाली, "पी की गं सोजर लवकर, मागं मानसं हायेत!" मुकादम बाजूला झाला. मावशीनं आपल्या हातानं पेला बुडवला आणि प्याली. विटाळाच्या भीतीनं रांगेतल्या वरच्या गल्लीच्या निम्म्या बाया त्या दिवशी तहानलेल्याच घरी गेल्या, तेही सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी उन्हानं त्यांनाही आणलं.

पुढं यशवंतनं बरंच काही टिपलं, दूधसंघाच्या सभा, शाळेची स्नेहसंमेलनं. झूम कधी घेतला नाही. ती फिल्म ज्यानं ज्यानं पाहिली त्यानं विचारलं, हे एकावर एक कसं जमवलंत? तो म्हणायचा, "जमलं." मीही चारचौघांत सांगत फिरलो, की यशवंतनं ते मुद्दाम केलं, साहेबाला फसवायला. रीळ मी गुंडाळलं हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही. पन्नास वर्षं.

परवा पुण्यानुमोदनाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर संघमित्रानं त्या फिल्मचा पत्र्याचा डबा आणून दिला. "काका, ह्याच्यावर तुमचं नाव आहे, म्हणून तुम्हालाच." झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला. यशवंतचं फळ्यावरचं गोल अक्षर, शाई पिवळी पडलेली.

छायाचित्रण : यशवंत.

संकलन : बाबू.