मास्तरांच्या झोपेच्या वेळी

लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी रॉकेल अजून रेशनवरच मिळत होतं. त्या वर्षी आषाढात मला विषमज्वर झाला. मी बावीस वर्षांची होते आणि नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. महिना-सव्वा महिना अंथरुणाला खिळले. ताप उतरला तेव्हा डोक्यावरचे केस गेले होते आणि दहा पावलं चाललं की धाप लागत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध आता पुरे. मोकळ्या हवेत जा, दूध पी, आणि दिवाळीपर्यंत पुस्तकाला हात लावू नकोस."

मोकळी हवा म्हणजे माझ्या मामांचं शेत. मामा मिशनच्या शाळांतून तीस वर्षं मास्तर होते. दर चार-पाच वर्षांनी बदली, दर वेळी नवं गाव. निवृत्त झाल्यावर शेवगावपासून दोन कोसांवर त्यांनी सहा एकर रान घेतलं आणि त्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, पुढं सारवलेला ओटा. पावसाळ्यात त्या धाब्यावर हातभर गवत उगवायचं आणि लांबून पाहिलं तर घराला केस आल्यासारखे दिसायचे. माझ्या डोक्यापेक्षा घराचं बरं चाललंय, असं मी आल्या दिवशीच मामीला म्हणाले. मामी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मामी पन्नाशीची, अंगानं भरलेली, रंगानं सावळी. ती मूळची पुणतांब्याची. तिचे वडील गोदावरीच्या वाळूत टरबुजं लावायचे. मास्तरांच्या घरात तीस वर्षं काढूनही तिची बोली मात्र नदीकाठचीच राहिली होती.

भाद्रपदाचं ऊन म्हणजे अंगाची लाही. पाऊस थांबलेला, हवा हलत नाही आणि बाजरी मात्र कणसांत भरत चाललेली. पाखरांचे थवेच्या थवे उतरायचे. मामांनी रानात मधोमध माचाण बांधलं होतं. सकाळी ते त्यावर चढायचे आणि पाखरं हाकायचे. आजूबाजूच्या रानांतले लोक पाखरांना यथेच्छ शिव्या द्यायचे. मामांना शिव्या येत नव्हत्या, म्हणून ते पाढे म्हणायचे. "सतरा सत्ते सत्त्याहत्तर" असं मुद्दाम चुकीचं म्हणून मी खालून ओरडले, तर पाखरं उडाली ती उडाली, पण मामा माचाणावरून उतरून माझी चूक दुरुस्त करायला बांधापर्यंत आले.

मामांचा दिवस शाळेसारखाच चालायचा. पहाटे प्रार्थना, आठाला न्याहारी, बाराला जेवण, एक ते तीन झोप. एकाला ते डोळ्यांवर पंचा टाकून आडवे व्हायचे आणि तीनला कुणी न उठवता उठून बसायचे. त्या दोन तासांत घराला आग लागली असती तरी त्यांना कळलं नसतं.

मी येऊन आठवडा झाला असेल. दुपारी मला झोप लागेना, म्हणून ओट्यावर आले. मामी कुठं दिसेना. रानातही कुणी नव्हतं. मग विहिरीकडून पाणी उडाल्याचा आवाज आला. मामी आत पडली की काय? जमेल तशी चालत, दम घेत मी विहिरीपाशी पोचले आणि आत डोकावले.

मामी पाठीवर पडून पाण्यावर तरंगत होती. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, डोळे मिटलेले, पोटावर दोन्ही हात. जणू ओट्यावर आडवी झालीय.

"मामी," मी कसंबसं म्हणाले.

तिनं एक डोळा उघडला. "झोपलेत न्हवं?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुझं मामा."

"झोपलेत."

"मग ओरडू नगंस," ती म्हणाली आणि पालथी होऊन दोन हातांत पलीकडच्या कडेला पोचली.

ती विहीर पायऱ्यांची होती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि पाणी पार वरून सातव्या पायरीला टेकलं होतं. मामी वर येऊन पायरीवर बसली, लुगडं पिळलं आणि मग सगळं सांगितलं. लहानपणी ती नदीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकली. पाचव्या वर्षी भोपळा सुटला. लग्न झालं आणि पोहणंही सुटलं. बदलीच्या गावी कुठं आडावरचं पाणी, कुठं नळ. त्यात मामांना पाण्याची भीती. लहानपणी थोरल्या भावानं चेष्टेनं त्यांना तळ्यात ढकललं होतं, तेव्हापासून ते विहिरीत वाकूनसुद्धा पाहत नसत.

"हितं आलो आन् ही हीर बघितली," मामी म्हणाली, "तवा माज्या अंगात कसं तरीच झालं. पन त्यास्नी सांगितलं असतं तर त्यांच्या जिवाला घोर. म्हनून त्ये झोपल्यावर."

"किती दिवस चाललंय हे?"

"चार वर्सं."

तिनं पदर पुन्हा एकदा पिळला. मग ती म्हणाली, "उद्या तूबी ये. तुज्या पायात जोर न्हाई, पन पान्यात पायाला जोर लागतोय कुटं?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला आपलं जुनं लुगडं नेसवलं, कासोटा मारला आणि माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला. तो तिनं धान्याच्या कणगीमागं लपवून ठेवला होता, कुणासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. पाणी वरून कोमट आणि गुडघ्याखाली थंडगार. मी तिचा दंड इतका घट्ट धरला की त्यावर बोटं उमटली. तिसऱ्या दिवशी मी दंड सोडला. दहाव्या दिवशी भोपळ्यासकट विहीर पार केली. त्या दुपारी मला जी भूक लागली, तशी आजारपणापासून लागली नव्हती. मी उभ्या उभ्या दोन भाकरी खाल्ल्या.

मामांना एवढंच दिसत होतं की भाची सुधारतेय. "हवा," ते म्हणायचे, "सगळा हवेचा गुण." मामी ताटाकडे बघत गंभीरपणे मान हलवायची.

आश्विन आला आणि बघता बघता रान बदललं. बाजरी कापून खळ्यावर पडली. आम्ही कणसं विस्तवावर भाजून, हातावर चोळून खायचो आणि तोंडं काळी करून घ्यायचो. बांधाबांधानं तरवड पिवळाधमक फुलला. सकाळी गवतावर दव पडू लागलं आणि ओट्यावरचं कोवळं ऊन हवंहवंसं वाटायला लागलं. मोकळ्या झालेल्या रानात ज्वारीची पेरणी झाली. विहिरीलगतच्या तुकड्यात मामांनी लसूण लावला, मेथी केली, कांद्याचं रोप टाकलं. त्याला पाणी द्यायला वाटेकऱ्यानं मोट जुंपली. हा वाटेकरी चाळिशीचा, अबोल माणूस, पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यातून आलेला. बैलांशी मात्र तो दिवसभर बोलायचा.

एके दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला मोट भरून वर येत होती. मी आणि मामी ओट्यावर बाजरी पाखडत होतो. एकदम दोर तुटल्याचा आवाज झाला. बैल पुढं धडपडले आणि भरलेली मोट धाडकन खाली गेली. लोखंडी कडी असलेली चामड्याची मोट ती, तळाशी जाऊन बसली.

आम्ही धावलो. मामा आधीच तिथं होते, पण विहिरीपासून चार हात लांब.

"आता?" त्यांनी वाटेकऱ्याला विचारलं. "तू उतरतोस?"

"मास्तर, मी डोंगराकडचा," तो खाली बघत म्हणाला. "आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, पव्हायला कुटनं शिकनार?"

गावात बुडी मारणारा एकच माणूस होता आणि तो दोन दिवसांसाठी सोयऱ्यांकडे गेला होता. मामा म्हणाले, "तो येईपर्यंत थांबू. रोप जळलं तर जळलं."

मामीनं एकदा रोपाकडे पाहिलं. कालच टाकलेलं पाणी सुकून वाफ्यांना भेगा दिसत होत्या. मग तिनं मामांकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"अहो," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा."

मामांना वाटलं ती वाकून बघणार. ते बाजूला झाले. मामीनं तुटलेल्या दोराचं टोक हाताला गुंडाळलं, कासोटा आवळला आणि उडी घेतली.

मामा विहिरीच्या काठाशी आले, अगदी काठाशी, आणि गुडघ्यांवर बसले. पाणी हिरवं, वर फक्त बुडबुडे. मी म्हणाले, "मामा, तिला येतं. चांगलं येतं." पण त्यांना ऐकूच गेलं नाही. मामी वर आली, दम घेतला, मान हलवली आणि पुन्हा खाली गेली. दुसऱ्यांदा वर आली तेव्हा तिच्या हातात दोर नव्हता.

"कडीला बांदलाय," ती ओरडली. "बैल हाका."

वाटेकऱ्यानं बैल हाकले. मोट गाळानं भरलेली, निथळत वर आली. मागोमाग मामी पायऱ्या चढून आली, कुणाकडे न बघता घरात गेली आणि कोरडं लुगडं नेसून पुन्हा सूप घेऊन बसली.

बाराला आम्ही जेवायला बसलो. मामांनी जेवणाआधीची नेहमीची प्रार्थना केली. भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "कधीपासून?"

"काय?"

"पोहतेस ते."

"पाच वर्साची असल्यापासनं."

"आणि इथं?"

"चार वर्सं झाली. तुमी झोपल्यावर."

मामांनी तुकडा ताटात ठेवला. "म्हणजे मी तिकडं घोरतोय आणि तू इकडं..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि ही?"

"हीबी," मामी म्हणाली. "त्यो हवेचा गुन न्हवं."

मामा आधी खांद्यांनी हसले, मग आवाजानं. पाणी प्यायला तांब्या उचलला तर हसण्यानं ते पाणीही सांडलं. डोळे पुसून झाल्यावर ते मामीला म्हणाले, "तू खाली होतीस तेव्हा मी काठाशी आलो होतो. पाहिलंस?"

"वरून कोन वाकलंय त्ये दिसलं."

"मी होतो."

"वळकलं," मामी म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

त्या दिवशी मामा एकाला झोपले नाहीत. चार दिवस विचार करण्यात गेले. पाचव्या दिवशी दुपारी ते धोतराचा काचा मारून, चष्मा काढून, विहिरीच्या पायरीवर उभे राहिले. पाठीला माझा भोपळा. मामीनं त्यांचे दोन्ही हात धरले. ते कमरेइतक्या पाण्यात आले, छातीइतक्या आले, मग पाय सुटले आणि ते नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आले.

"माझा बाप्तिस्मा लहानपणी शिंपडून झाला होता," धाप ओसरल्यावर ते म्हणाले.

"मग ह्यो पुरा झाला," मामी म्हणाली.

त्या आश्विनात आणि कार्तिकाच्या सुरुवातीला आम्ही तिघं रोज दुपारी विहिरीवर असायचो. वाटेकरी लांबूनच बघायचा. मग एके दिवशी तोही येऊन शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसला. मामा शेवटपर्यंत भोपळ्याशिवाय काही पोहले नाहीत, पण पाठीवर पडून तरंगायला ते शिकले. डोळे मिटून, पोटावर हात ठेवून, मामीच्या शेजारी, अगदी तिच्यासारखेच. वर चौकोनी निळं आभाळ असायचं आणि दोघं त्याखाली न बोलता हळूहळू फिरत राहायचे. मी पायरीवर केस वाळवत बसायचे. केस आता दोन बोटं झाले होते.

दिवाळीची सुट्टी संपली तशी मी नगरला परत निघाले. सकाळची थंडी चांगलीच पडली होती. मामा शेवगावपर्यंत बैलगाडीनं सोडायला आले. मोटारीला वेळ होता, म्हणून आम्ही स्टँडजवळ चहा घेतला. मामीनं फडक्यात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या होत्या, "शाळेतल्या बायांना दे" म्हणून. मोटार हलली, मी एक शेंग फोडली, मग दुसरी. नगर येईपर्यंत फडक्यात नुसती टरफलं उरली होती.