कोरियाची बस आणि आमचे मामसासरे

उत्तर आणि दक्षिण कोरियाचं भांडण मिटवू शकेल असा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो जवाहरनगरच्या कारखान्याच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, निळा रंग दिलेल्या दोन खोल्यांत राहतो. तो माझ्या बायकोचा मोठा मामा. पुढाऱ्यांनी हात मिळवून फोटो काढले, शिष्टमंडळं गेली आणि जेवून परत आली, पण या माणसाला कोणी विचारलं नाही. म्हणूनच ते प्रकरण अजून लोंबकळत पडलं आहे, असं आमच्या मामाजींचं ठाम मत आहे. "त्याईले राजकारण समजते, जवाईबापू," ते म्हणतात, "पन गाडी नाई समजत. अन् सारा घोळ गाडीतच होऊन राहिला."

गाडी म्हणजे बस. मामाजींनी तीस वर्षं कारखान्याची बस चालवली. सकाळी अड्याळहून कामगार उचलायचे आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी जवाहरनगरच्या फाटकात उतरवायचे. या तीस वर्षांत त्यांची बस एकदाही बंद पडली नाही की एक मिनिट उशिरा सुटली नाही. अड्याळचे कोंबडे त्यांच्या बसचा आवाज ऐकून आरवत. एकदा बस वेळेवर पोचली आणि भोंगाच उशिरा वाजला, तेव्हा साहेबांनी भोंग्याला मेमो दिला असं सांगतात. तो मेमो मी पाहिलेला नाही, पण त्यानंतर भोंग्याचा आवाज जरा नरमला होता हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. एक फोरमन दाढी अर्धी सोडून धावत बसमध्ये चढला आणि सबंध पाळीभर एक गाल साहेबांकडे, दुसरा कामगारांकडे करून उभा राहिला; पण तो निदान चढला. जे चढले नाहीत त्यांच्यासाठी मामाजींनी कधी ब्रेकवर पाय ठेवला नाही.

निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात. मामाजींनी भंगारात निघालेल्या बसच्या सहा सीटा आणून बैठकीच्या खोलीत दोन-दोनच्या रांगेत ठोकून बसवल्या. सगळ्यांत पुढे उजवीकडे त्यांची स्वतःची सीट आणि समोरच्या भिंतीवर बसचा तो बाहेरचा फुगीर आरसा. पाहुणे मागे बसतात, मामाजी त्यांच्याकडे पाठ करून पुढे बसतात आणि आरशात बघून गप्पा मारतात. मामी चहाचा ट्रे घेऊन मधल्या वाटेने कंडक्टरसारख्या फिरतात. माझ्या लग्नाची बोलणी याच बसमध्ये झाली. मी दुसऱ्या रांगेत खिडकीपाशी होतो. खिडकी म्हणजे भिंतच, पण जागा खिडकीची. मामाजींनी मला आरशात अर्धा तास न्याहाळलं आणि निकाल दिला, "पोरगा बारका दिसते, पन चालन. या आरशात दिसते त्याहून मानूस जवळ अन् मोठं रायते."

अशा या गृहस्थाच्या आयुष्यात कोरिया आला तो टीव्हीवरून. लढाईत ताटातूट झालेल्या घरच्या माणसांची तिथल्या दोन्ही सरकारांनी भेट घडवून आणली होती, त्याची बातमी होती. नव्वदीच्या म्हाताऱ्या, पंचाहत्तरीची त्यांची पोरं, टेबलाला नंबर, आणि उभ्या जन्मातून तीन दिवस. त्यातलेही मोजून दहा-बारा तास. मामाजींनी त्या विषयाचा असा अभ्यास केला की तेवढा कोणी बारावीचाही करत नाही. अर्ज करायचा, मग संगणक चिठ्ठ्या काढतो आणि हजारोंतून शंभरेक नावं निघतात हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हनजे आपल्या क्वार्टरच्या लिस्टसारखं. आपल्या इथं नंबर लागेपावेतो मानूस रिटायर होते. तिथं तर डायरेक्ट वर जाते." आता कित्येक वर्षांत अशी भेट झालेलीच नाही, दक्षिणेतलं सरकार म्हाताऱ्यांचे निरोप व्हिडिओत भरून ठेवतं, पुढे मागे नातं जुळवता यावं म्हणून थुंकीचे नमुनेही जपून ठेवतं, हे मी त्यांना वाचून दाखवलं. "हुशार लोक आहेत," मामाजी आरशाला म्हणाले. "आपन सातबारा ठेवतो, ते थुका ठेवतात. सातबाऱ्यात तरी खोटं लिवता येते."

पण त्यांचा जीव अडकला होता तो त्या बातमीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात. भेट संपते, दक्षिणेची माणसं बसमध्ये बसतात. बाहेर उत्तरेची एक म्हातारी खिडकीच्या काचेवर हात टेकवून उभी असते, आत तिचा भाऊ त्याच जागी आतून हात टेकवतो. आणि बस सुटते. हे पाहून जग रडतं, मामाजी चिडतात. तो तुकडा मोबाईलवर त्यांनी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब मोबाईललाही ठाऊक नसेल. दर वेळी म्हातारी नाही, भाऊ नाही, त्यांना एकटा ड्रायव्हर दिसतो. "पाय पाहा त्याचा, पाय! क्लच सोडून राहिला. अरे, गाडी बंद पाडता येत नोती का याले? डिझेलमधे हवा धरली म्हनाचं. बॅटरी उतरली म्हनाचं. कोन उघडून पाहते? दोन दिवस तरी गेले असते!" मग ते बस सन्मानाने बंद पाडायचे सतरा प्रकार सांगतात. त्यांतला एक तर असा आहे की खुद्द कंपनीचा इंजिनिअर आला तरी टोपी काढून घरी जाईल.

दोन्ही सरकारांना पत्रं गेली. इंग्रजीत मी टाइप केली, सही मामाजींची. मजकूर थोडक्यात असा: पुढची भेट ठरवाल तेव्हा ड्रायव्हर बदला, मी फुकट येतो, जेवायला भात चालेल, तुमच्याकडेही धानच होतो असं ऐकतो, परतीच्या दिवसापासून बस किमान दोन दिवस सुरू होणार नाही याची मी लेखी हमी देतो. उत्तर आलेलं नाही. "नंबर लागाचा असन," मामाजी म्हणतात.

ज्याची बस तीस वर्षांत एकदा बंद पडली नाही, त्याला बंद पडलेल्या बसचं एवढं प्रेम का, हे मी एकदा मामींना स्वयंपाकघरात विचारलं. मामींनी कढईवरचं झाकण खाली ठेवलं आणि आवाज उतरवला. "तुमाले नाई मालूम? आसगावच्या भाऊजीमुळं."

आसगावचे भाऊजी म्हणजे बायकोचे धाकटे मामा, मामाजींचे सख्खे भाऊ. त्या दोघांत बोलणं नाही एवढं मला ठाऊक होतं; आमच्या लग्नात एक जण मुलीच्या मांडवात जेवला आणि दुसरा चक्क माझ्या वऱ्हाडात. कारण तेव्हा कळलं. तरुणपणी धाकट्या मामांना कारखान्यात भरतीसाठी बोलावणं आलं होतं. मोठ्या भावाच्या बसने जाण्याची साहेबांची परवानगीही मिळाली होती. आसगावहून ते अंधारात सायकलने निघाले, अड्याळच्या अलीकडे चेन तुटली, तिथून सायकल ढकलत पळत सुटले. बस उभी होती. मामाजींनी आरशात पाहिलं, भाऊ पळत येत होता. मग घड्याळात पाहिलं. आणि गिअर टाकला.

"बोंबलत होते ते, 'दादा, दोन मिनिटं थांब!'" मामी म्हणाल्या. "यायनं ऐकलं. मले सोताच सांगतलं. एकच डाव सांगतलं, मंग कधी नाई." धाकटे मामा एसटीने पोचले तोवर फाटक बंद झालं होतं. पुन्हा बोलावणं आलं नाही. ते आसगावला धान करत राहिले, मोठे बस चालवत राहिले. जवाहरनगर आणि आसगाव यांच्यामध्ये काटेरी तारांचं कुंपण नाही, सुरुंग नाहीत, बंदूकधारी शिपाई नाहीत. एक डांबरी रस्ता आहे. पण त्यावरून तीस-पस्तीस वर्षांत दोघांपैकी एकही जण दुसऱ्याकडे गेला नव्हता.

मागच्या पावसाळ्यात मामाजींनी मला बोलावून सांगितलं, "भेट सरकारी पद्धतीनं करू." त्यांनी स्वतः अर्जाचा नमुना तयार केला आणि मी तो टपालाने आसगावला धाडला. आठ दिवसांनी भरून परत आला. नातं: 'होतं.' कधीपासून वेगळे: 'सकाळी सहा वाजून दहा मिनिटांपासून.' संबंधिताला शेवटचं कुठे पाहिलं: 'अड्याळ. फक्त मागची बाजू. नंबर प्लेटवर चिखल होता.' भेटीची इच्छा आहे काय: 'धानाचं रोवणं चालू आहे. धान लागला की पाहू.'

मामाजींनी तो कागद उजेडाकडे धरून दोनदा वाचला. "खोटं," ते शेवटी म्हणाले. "नंबर प्लेट मी रोज पुसत होतो." पण रोवणं संपायची वाट त्यांनी अशी पाहिली की रोज सकाळी मला फोन: "आसगावकडं पाऊस आहे का? धानाच्या बांध्या भरल्या असतीन का?"

रोवणं आटोपलं आणि आम्ही माझ्या जुन्या व्हॅनमधून निघालो. मामी आल्या नाहीत. "दोन सरकारं बोलून राहिली, मी कायले मधात?" मामाजींच्या मांडीवर भेटवस्तूंची पिशवी होती. कोरियातली माणसं नेतात तशीच: गुडघ्याचं औषध, बिस्किटं आणि लोकरीचा स्वेटर. भर उकाड्यात आसगावला स्वेटर कशाला, असं मी विचारलं. "नियम म्हनजे नियम," मामाजी म्हणाले. भेटीची मुदतही त्यांनीच ठरवली होती: दोन तास.

ठरल्या वेळेच्या ठोक्याला आम्ही अंगणात उभे. धाकट्या मामी बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसू दाबत म्हणाल्या, "ते म्हनून राहिले, दोन मिनिटं थांबा."

दार उघडंच होतं. आत धाकटे मामा खाटेवर बसलेले सरळ दिसत होते. काही करत नव्हते. बसले होते. मामाजी अंगणात, हातात पिशवी, उन्हात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ते काम मी केलं. तुम्हाला सांगतो, तेवढ्या वेळात शेजारच्या म्हशीने सबंध भारा संपवला, दोन ढग विरले आणि माझा एक केस पिकला. मग धाकटे मामा उठून दारात आले.

"थांबले, दादा?"

"थांबलो."

"कसं वाटते?"

मामाजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लांब वाटते," ते म्हणाले.

झालं. याहून अधिक वाटाघाटी झाल्या नाहीत. धाकट्या मामांनी स्वेटर तिथल्या तिथे अंगात घातला, घामाने निथळत दोन तास बसले, पण काढला नाही. बोलणं सगळं धानाचं, किडीचं, नहराच्या पाण्याचं. नोकरीचं नाव कोणी काढलं नाही.

दोन तास भरले तसे मामाजी ताडकन उठले आणि माझ्याआधी गाडीपाशी गेले. मी किल्ली फिरवली. गाडी सुरू होईना. पुन्हा फिरवली, नाहीच. मामाजींनी इंजिनात डोकावून गंभीरपणे सांगितलं, "डिझेलमधे हवा धरली."

माझी गाडी पेट्रोलवर चालते. हे मला माहीत आहे, मामाजींना माहीत आहे, आणि उभी हयात ट्रॅक्टर हाकलेल्या धाकट्या मामांना वासानेच कळलं असणार. ते स्वेटरच्या बाह्या सावरत पुढे आले, खाली वाकले, इंजिनाकडे आणि मग भावाच्या फुगलेल्या खिशाकडे बराच वेळ बघत राहिले.

"हाव," ते म्हणाले. "हवाच धरली. दोन दिवस तं काही नाई निघत."

तिसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

आता धाकटे मामा महिन्या-दोन महिन्यांनी जवाहरनगरला येतात आणि पुढून पहिल्या रांगेत बसतात. येताना बसने येतात आणि जाताना त्यांची बस हमखास चुकते. मामाजी मात्र मोबाईलवर तो तुकडा अजून पाहतात. हल्ली चिडत नाहीत. म्हातारी काचेवर हात टेकवते, आतून भाऊ टेकवतो, आणि मामाजी अगदी हलक्या आवाजात, एका ड्रायव्हरने दुसऱ्याला सांगावं तसं म्हणतात, "थांब ना बापा, दोन मिनिटं."

तो काही थांबत नाही. मामाजी पुन्हा पहिल्यापासून लावतात.